साडेसातची अक्षता

मे महिन्यात दुपारी बारा पस्तीसला अक्षता टाकू नका, असं लोकांना सांगत फिरायला मी ज्या मुलांना शिकवलं, ती मुलं शेवटी माझ्याच दारात येऊन उभी राहिली. तेव्हापासून माझ्या डोक्यात जो गोंधळ सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. म्हणून घडलं तसं क्रमाने लिहून काढते. क्रमाने मांडलं की गोष्टी कळतात, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

मी कर्नाटकात, आळंदमध्ये एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. शाळेचं पर्यावरण मंडळही माझ्याकडेच. म्हणजे कुंड्यांना पाणी, ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे आणि वर्षातून एकदा घोषणा देत बाजारातून फेरी. त्या वर्षी फेब्रुवारीत वरून पत्र आलं. हवामान बदलाबद्दल तरुण मुलांनीच लोकांशी बोलावं, लोकांना काही करायला लावावं, त्यासाठी मुलांचे गट तयार करा. मेच्या अखेरीस कलबुर्गीला कार्यक्रम होईल, तिथे प्रत्येक गटातल्या एकाने आपण काय केलं ते सांगायचं. मला अशी पत्रं आवडतात. काम असतं, तारीख असते, कुठे संपवायचं ते ठरलेलं असतं. मी दोन दिवसांत सात मुलं निवडली. सगळे माझे जुने विद्यार्थी, आता कॉलेजात जाणारे, सोळा-सतरा वर्षांचे.

पहिल्या बैठकीत मी फळ्यावर पाच विषय लिहिले. झाडं, पाणी, प्लास्टिक, सौरदिवे, आणि तुरी निघाल्यावर शेतात तुराट्या न जाळणं. यातला एक निवडा म्हटलं. मुलं फळ्याकडे बघत राहिली. मग खिडकीजवळ बसलेल्या मुलीने विचारलं, "बाई, ह्यातलं काय बी केलं तर ऊन कमी व्हायला किती वर्षं लागतील?"

"बरीच लागतील."

"मग तवर लग्नाची येळ तरी बदला म्हणावं लोकास्नी."

दोघं-तिघं हसले आणि लगेच गप्प झाले, कारण ती का म्हणतेय ते सगळ्यांना माहीत होतं.

तिचे वडील आचारी. आळंद आणि आसपासच्या गावांत लग्नाचा स्वयंपाक म्हटलं की त्यांचं नाव पुढे येतं, विशेषतः हुग्गीसाठी. हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची गुळातली खीर. दोन-तीन तास हलवत राहावी लागते, हात थांबला की तळाला लागते. आदल्या वर्षी मेमध्ये निंबर्ग्याच्या एका लग्नात ते कढईजवळच कोसळले. पत्र्याचं शेड, डोक्यावर सूर्य, पायाशी भट्टी. आठवडाभर दवाखान्यात होते. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर मूत्रपिंडं हाती लागायची नाहीत. दुपारच्या वेळी भट्टीजवळ जायचं नाही. पण अक्षता साडेबाराला, म्हणजे जेवण दीडला, म्हणजे भट्टी दहापासून एकपर्यंत पेटलेली. दुसरं काम त्यांना येत नाही आणि यायला नकोही आहे. मुलीला एवढंच हवं होतं, की आपला बाप भर दुपारी त्या शेडमध्ये नसावा.

हे हवामानाच्या कामात बसतं का, मला खात्री नव्हती. मी पत्र पुन्हा वाचलं. त्यात रोपांचा उल्लेख होता, लग्नांचा नव्हता. ऊन वाढतंय तर उन्हातली कामं हलवायची, हे संध्याकाळी मला अगदी बरोबर वाटायचं. सकाळी उठल्यावर वाटायचं, आपण एका घरचं दुखणं तालुक्याच्या माथी मारतोय. पुढच्या बैठकीला मी सहावा विषय फळ्यावर लिहिला आणि हात वर करा म्हटलं. सातही हात वर गेले. मग मी विचार करायचं सोडून तयारीला लागले.

तयारी मला जमते. ज्या घरी उन्हाळ्यात लग्न आहे अशा घरांची यादी. बोलायचे तीन मुद्दे, तिन्ही मिळून दोन मिनिटांत. जेवायच्या वेळी कुणाकडे जायचं नाही. चहा आधी घ्यायचा नाही, चहा घेतला की बोलणं राहून जातं. आणि स्वतःच्या घरचं काही सांगायचं नाही, कारण लोक हळहळतात आणि हळहळून झालं की काम झालं असं समजतात. हा शेवटचा नियम मी कुणासाठी केला होता ते त्या मुलीला कळलं असणार. तिने मान डोलावली. एक रजिस्टर केलं: घर, तारीख, काय म्हणाले. मी मुलांना हेही सांगून ठेवलं की 'विचार करतो' म्हणजे 'नाही' समजायचं.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना मी बरोबर गेले आणि मागे उभी राहिले. तुरीचा एक आडत व्यापारी होता, मुलाच्या लग्नाची गडबड चाललेली. पंख्याखाली बसून त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ऊन काय औंदाच नवीन आलंय व्हय गं? आमच्या लग्नात बी बारालाच अक्षता पडली. आमी मेलो का?"

"तुमी मंडपात होता, मामा. आचारी शेडमदी होता," आचाऱ्यांची मुलगी म्हणाली.

"आरं, ही कुणाची पोरगी? लई बोलायलीय."

मी मागून डोळ्यांनी खुणावलं. तिने "धन्यवाद" म्हटलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं.

दुसऱ्या घरी एका आजीबाईंनी तर मुलींना पार लाजवून टाकलं. "सकाळी सातला अक्षता? मग नवरीनं झोपायचं कवा? का सासरी जाऊनच दात घासायचे?" घरातल्या सगळ्या बायका हसल्या, आमच्या मुलीही हसल्या, आणि मुद्दे राहूनच गेले. रस्त्यात मी म्हटलं, हसायला हरकत नाही, पण हसून झाल्यावर पुन्हा पहिल्या मुद्द्यावर यायचं. मुलं मान डोलवत होती. मला वाटत होतं, काम रुळावर आहे.

मार्चमध्ये माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा कलबुर्गीचा, घरी कन्नड बोलणारे. दोघं हैदराबादला नोकरीला, दोघांना एकत्र रजा मेच्या पहिल्या आठवड्यातच मिळत होती. घरातला सगळा कारभार माझ्या मोठ्या दिरांकडे. त्यांनी कल्याण मंटप, म्हणजे लग्नाचं कार्यालय ठरवलं, लग्न लावणाऱ्या स्वामींना विचारून वेळ काढली, आचारी सांगितला. आचारी तेच. वेळ बारा पस्तीस. मी वहीत सगळं उतरवून घेतलं. खरं सांगायचं तर बारा पस्तीस लिहिताना मला काहीही खटकलं नाही. शाळेचं काम एका वहीत होतं, घरचं दुसऱ्या वहीत.

एका रविवारी सकाळी दाराशी आवाज आला. बघते तर सातहीजण, ओळीत. आचाऱ्यांची मुलगी पुढे.

"नमस्कार. आमी हवामान गटाकडून आलाव. तुमच्या घरी मे महिन्यात लग्न हाय असं कळलं."

"अगं, आत या की आधी."

"न्हाई बाई, आधी बोलून घेताव. तुमीच सांगितलंय."

आतून दीर आले. "कोण हायेत?"

"माझीच पोरं आहेत, भाऊजी."

"मग बाहेर कामून उभी हायेत?"

तिने तिन्ही मुद्दे सांगितले, मला कधी पाहिलंच नाही अशा आवाजात. दोन मिनिटांच्या आत. उन्हाळा आता पहिल्यासारखा राहिलेला नाही. मंडपात लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतात, मागे काम करणारी माणसं असतात. अक्षता आठच्या आत पडली तर दहाच्या आत सगळे सावलीत जातील. आमच्या लग्नाचा आचारी कोण, हे तिला माहीत होतं आणि मलाही. ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. नियम माझाच होता.

मी म्हटलं, "विचार करते."

तिने रजिस्टर उघडलं. मला ते उलटं दिसत होतं तरी वाचता आलं. तिने लिहिलं, 'विचार करतो म्हणाले.'

त्या दिवशी मला राग आला होता. कुणाचा, ते ठरवता आलं नाही. मी ज्याला शिकवलं ते जर माझ्यावरच इतकं नीट चाललं, तर ते चांगलं शिकवलं असं म्हणायचं, की पोरांनी मर्यादा सोडली असं? दोन दिवस मी दोन्ही म्हणत होते. तिसऱ्या दिवशी जेवताना विषय काढला.

मला वाटलं होतं, मुहूर्ताचं कारण पुढे येईल. दिरांनी तिथल्या तिथे स्वामींना फोन लावला. स्वामी म्हणाले, "सकाळी साडेसात बी चांगली येळ हाय की. कोण नको म्हणालंय? आजवर कुणी मागितलीच न्हाई." म्हणजे जी गोष्ट हलणार नाही असं सारा तालुका धरून चालला होता, ती एका फोनवर हलली. अडचण भलतीकडेच निघाली. माझं माहेर उमरग्याकडचं. तिकडून, अक्कलकोटकडून माणसं येणार. सकाळी निघून, गाड्या बदलत, ती दुपारी बाराला पोचतात. आमच्याकडे अक्षता साडेबाराला का असते, याचं एवढं साधं कारण असेल असं मला कधी सुचलं नव्हतं.

"तुमचीच माहेरची माणसं अक्षतेला न्हाई पोचली तर माझ्याकडं बघू नका," दीर म्हणाले.

"आदल्या दिवशी बोलावते. राहायची सोय मी करते."

माझी मुलगी फोनवर होती. ती म्हणाली, "काका, सकाळीच ठेवा. दुपारी अर्धं तोंड घामानं वाहून जातंय, फोटोत कोण नवरी ते बी कळणार न्हाई." दीर हसले आणि ठरलं. साडेसात.

आता पत्रिकांचं सांगते, कारण चूक तिथे झाली आणि ती माझी आहे. आमच्याकडे पत्रिका दोन छापतात. कलबुर्गीकडच्या पाहुण्यांना कन्नड, उमरगा-अक्कलकोटकडच्यांना मराठी. मजकूर एकच, छापखाने दोन. कन्नड पत्रिका मुलाकडच्यांच्या ओळखीने कलबुर्गीला, मराठी माझ्या भावाच्या ओळखीने उमरग्याला. पण घरात बोलताना दोन्ही मिळून 'पत्रिका'. माझ्या वहीत एक ओळ होती: पत्रिका, वेळ बदलणे. मी कलबुर्गीला फोन केला, त्यांनी नवा नमुना पाठवला, मी तो दोनदा वाचला, आदल्या रात्रीच्या मुक्कामाची ओळ वाढवून घेतली आणि वहीत खूण केली. एक ओळ, एक खूण. उमरग्याचा गठ्ठा जुन्या वेळेसह छापून भावाकडे गेला आणि त्याने तो घरोघर वाटला. भावाला नवी वेळ ठाऊक होती, मीच सांगितली होती. मग हातातली पत्रिका त्याने कशाला वाचावी? जवळच्यांशी माझं फोनवर बोलणं झालं होतं, ते आदल्या दिवशी आले. बाकीच्यांना पत्रिका पोचली की झालं, असं मी धरलं.

लग्नाच्या दिवशी भट्टी पहाटेच पेटली. साडेसातला अक्षता पडली. डाव्या बाजूच्या खुर्च्या बऱ्याच रिकाम्या दिसल्या. मनात आलं, इतक्या सकाळी उठून यायला कंटाळले असतील लोक. वाईट वाटलं, पण तेवढंच. आठला पंगत बसली. हुग्गी, एण्णेगाई म्हणजे भरल्या वांग्यांची भाजी, भाकरी, भात, आमटी. मी मागे शेडकडे गेले तेव्हा ती मुलगी शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक खांबाला बांधून बसली होती. भट्टी विझली होती. तिचे वडील नळाखाली हात धूत होते.

"बाई, अप्पा हात धुवायलेत," ती म्हणाली.

मला दिसतच होतं. तरी तिने ते सांगितलं आणि हसली. कितीतरी महिन्यांनी तिला अशी हसताना पाहत होते. मला वाटलं, आपल्या हातून आयुष्यात एक काम नीट झालं.

अकराला मामेभावाचा फोन आला. "अक्का, आमी वाटंत हाव. दोन जीप हायेत, टेम्पो हाय, बसनं यायलेत ती येगळी. अक्षता बारा पस्तीसलाच ना?"

मी "हो" म्हटलं. का म्हटलं ते आजही सांगता येणार नाही. फोन ठेवला आणि भावाच्या पिशवीतली मराठी पत्रिका काढून वाचली. मग पुन्हा वाचली.

बारा वाजता ते आले. चांगले कपडे, हातात आहेर, कडेवर पोरं. दीडशेच्या आसपास माणसं असावीत. त्या दिवशी मला मोजायचं भान नव्हतं. मंटपात झाडू मारून झाला होता. नवरी निघायच्या गाडीत बसली होती, तिला उतरवून आणलं. माझे एक चुलते दारातच थांबले.

"लग्न लागलं व्हय? मग आमी कशाला आलाव? भांडी घासायला?"

भाऊ खाली बघत होता. मी म्हटलं, "काका, चूक माझी आहे."

"चूक असू दे. जेवण हाय का न्हाई?"

जेवण नव्हतं. हुग्गी पातेल्याच्या तळाशी होती, भात संपला होता. उन्हात इतक्या लांबून लग्नाला आलेलं माणूस न जेवता परत जातं, हे आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. दीर माझ्याकडे बघत होते. मागून भांड्याचा आवाज आला. मी धावत गेले तर आचाऱ्यांनी भट्टी पुन्हा पेटवली होती आणि डेग चढवायला निघाले होते. त्यांची मुलगी भट्टीच्या पुढे उभी.

"बाजूला सर," ते म्हणाले.

"न्हाई."

"पाव्हणे बसलेत तिकडं."

"बसू द्या. फळं आणा, चिवडा आणा, काय बी आणा. भट्टी न्हाई पेटवायची."

"चिवडा? लग्नात? उद्या लोक म्हणतील, ह्याला सांगितलं हुतं आणि पाव्हण्यास्नी चिवडा दिला. माझं नाव हाय गं तालुक्यात."

"नावाला सलाईन लावतेत का?"

माणसं जमली. आचाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिनेही पाहिलं. "बाई, तुमी सांगा. तुमचं ऐकतील ते."

काय सांगायचं ते मला माहीत होतं. फेब्रुवारीपासून मी तेच शिकवत होते. पण पलीकडे माझ्या माहेरची माणसं उन्हातून येऊन बसली होती, पोरं रडायला लागली होती, आणि त्यांना इथे बोलावणारी पत्रिका माझी होती. मी म्हटलं, "एक डेग भात आणि आमटी. बाकी काही नाही. आणि अण्णा, तुम्ही आत जायचं नाही. बाहेर खुर्चीवर बसून सांगायचं. आत आम्ही."

मी तिथल्या तिथे पाळ्या लावल्या. भाऊ, मामेभाऊ, दीर, माझे पती आणि दोन भाचे. दहा दहा मिनिटं. ती मुलगी एका बाजूला झाली. आचारी निंबाखाली खुर्चीवर बसले आणि दर दोन मिनिटांनी उठायला लागले. "पाणी जास्त झालं. आरं, झारा असा नका धरू. ज्वाळ बारीक करा." दीर घामाने निथळत बाहेर आले आणि म्हणाले, "आत माणूस राहतंय व्हय रे?" आचारी म्हणाले, "आमी राहताव की." हे त्यांनी चिडून म्हटलं नव्हतं.

चौथ्या पाळीला करपल्याचा वास आला. भाचा झारा टाकून बाहेर पळाला. खुर्चीकडे बघितलं तर खुर्ची रिकामी. आचारी आत गेले होते. त्यांना कुणी अडवलं नाही. मीही नाही. भात वाया गेला तर पुन्हा एक डेग लागेल, एवढाच हिशोब त्या क्षणी माझ्या डोक्यात होता. मुलगी बादली घेऊन आत गेली आणि त्यांच्या डोक्यावर, मानेवर, पाठीवर मगाने पाणी ओतत राहिली. ते एकदाही "थांब" म्हणाले नाहीत. पाव तासाने दोघं बाहेर आले. ते खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने उलटी झाली. ते पडले नाहीत. आम्ही त्यांना जीपमधून दवाखान्यात नेलं, सलाईन लावली, संध्याकाळी घरी सोडलं. या वेळी थोडक्यात निभावलं, डॉक्टर म्हणाले.

पाहुण्यांनी भात-आमटी खाल्ली आणि चांगली झाली म्हणाले. एकाने विचारलं, "हुग्गी न्हाई व्हय?"

दवाखान्याच्या बाकावर ती माझ्या शेजारी बसली होती. तिने विचारलं, "बाई, रजिस्टरमदी हे घर झालं म्हणायचं का न्हाई झालं म्हणायचं?" अक्षता साडेसातला पडली होती, ते खरं होतं. मी म्हटलं, "उद्या बघू." ती हो म्हणाली नाही.

नंतरचं थोडक्यात. सकाळची वेळ मान्य केलेली दोन घरं मुलांनी मोठ्या कष्टाने मिळवली होती. त्यातलं एक पुन्हा दुपारवर गेलं. "बाईंच्याच घरी काय झालं ते बघितलं की," म्हणाले. दुसऱ्या घराने सकाळ ठेवली, पण आचारी कलबुर्गीहून आणला. कारण विचारलं तर उत्तर आलं, ह्या आचाऱ्याची पोरगी तापमापक घेऊन उभी राहते, आम्हाला कटकट नको. म्हणजे जिथे सकाळची अक्षता होती तिथे तिचे वडील नव्हते. मी या दोन्ही घरी जाऊन बोलायचं ठरवलं होतं. पहिल्या घराच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. कोणत्या तोंडाने बोलणार होते?

मेच्या शेवटी आम्ही कलबुर्गीला गेलो. आमच्या गटातून तीच बोलणार होती. मी मुद्दे लिहून दिले होते, आमच्या घरचा प्रकार वगळून. तिने कागद घेतला, घडी केली, पर्समध्ये ठेवला. व्यासपीठावर उभी राहून कन्नडमध्ये तिने सगळं सांगितलं. फळा, रजिस्टर, आडत व्यापारी, एक शिक्षिका, तिच्या घरच्या दोन पत्रिका. पत्रिकांवर सभागृह मोठ्याने हसलं. ती हसणं थांबेपर्यंत उभी राहिली. मग भट्टीचं सांगितलं. आणि या वेळी तो आचारी आपलाच बाप आहे, तेही सांगितलं. माझा नियम मोडला म्हणून मला बरं वाटलं की वाईट, हे मला ओळखता येईना.

व्यासपीठावरचे साहेब म्हणाले, फार छान, आणि तुमच्या गटाने रोपं किती लावली?

"एक बी न्हाई, सर," ती म्हणाली आणि खाली उतरली.

तिचे वडील आले होते. पांढरा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले होते, तिला न सांगता. कार्यक्रम संपल्यावर बाहेर रसवंतीपाशी मला भेटले. रसाचा पेला हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "बाई, ही माझ्या बाजूनं बोलली का माझ्या इरुद्ध?"

मी खूप विचार केला. "मला कळलं नाही, अण्णा."

"मला बी न्हाई कळलं." ते रस प्यायले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "परवा बसवकल्याणजवळ मंठाळला हाय एक लग्न. बारा पस्तीसचं. ह्या महिन्यात दुसरं काम न्हाई आलं. तिला सांगू नका."

तेवढ्यात ती आलीच. दोघांकडे आळीपाळीने बघायला लागली. आत्तापर्यंत मी कुणाचं ऐकून काय केलं आणि त्यातून काय झालं, याची उजळणी करायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "परवा अप्पा कुठे चाललेत ते त्यांना विचार."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली.

"कुठं?" तिने विचारलं.

"मंठाळला."

"दुपारचं?"

त्यांनी रिकामा पेला परत दिला. ती रसवंतीच्या चाकाकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, आता इथे रस्त्यात भांडण होणार. ती म्हणाली, "मी बी येते."

"तू येऊन काय करणार?"

"येते म्हणाले ना."

तिला तिथे वाढायला जायचं होतं, बादली धरायला जायचं होतं, की लग्नघरच्यांशी बोलायला, ते तिने सांगितलं नाही आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. मग ते मला म्हणाले, "बसवकल्याणकडं जायला सकाळी गाडी कवा हाय हो, बाई?" ती मला पाठ होती. मी वेळ सांगितली, कुठे बदलायची ते सांगितलं, आणि दोघांसाठी जागा धरायला पंधरा मिनिटं आधी या, हेही सांगितलं.